शिकाऊ प्लंबर: काम कुठे शोधायचं, रोज कसा ठरवायचा

भिंतीला खाच मारायला, पाइप वरच्या मजल्यावर चढवायला आणि राडारोडा उचलायला पोरगा प्रत्येक साइटवर हवा असतो. त्यामुळे काम मिळतं. पण वर्षभराने बघावं तर तोच पोरगा अजून राडारोडाच उचलतोय आणि रोजही (दिवसाची मजुरी) पहिल्या दिवशीचाच घेतोय. हा लेख त्या एका वर्षाचा आहे, काम शोधण्यापासून पहिली रोजवाढ हातात पडेपर्यंतचा. मी हेल्पर म्हणून सुरुवात केली, पुढे माझ्या हाताखाली पोरं शिकली. हिशेबाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते लिहितो.

कुठल्या प्रकारचं काम हवंय

प्लंबिंगचं काम तीन ठिकाणी मिळतं. नवीन बांधकामावर पाइप टाकायचे, भिंतीत लाइन बसवायची, टेस्टिंग करायचं, म्हणजे दाब देऊन लाइन गळते का बघायचं. दुरुस्तीच्या कामात गळती शोधायची, चोकअप काढायचा, नळ आणि फ्लश टाकी नीट करायची. तिसरं म्हणजे देखभाल: एखादी मोठी इमारत, रुग्णालय किंवा कारखाना पगारावर माणूस ठेवतो आणि पंप, व्हॉल्व्ह, टाक्या त्याच्याकडे सोपवतो.

पहिल्या वर्षासाठी मी नवीन बांधकाम सांगेन, पण एका अटीवर. ठेकेदार फार मोठा नको. शंभर बाथरूमच्या साइटवर खाच मारणारा वेगळा, पाइप कापणारा वेगळा, जोडणारा वेगळा असतो, आणि तुम्ही ज्या कामाला लागलात त्यालाच चिकटता. एक मिस्त्री आणि दोन-तीन हेल्पर अशा छोट्या टोळीत सगळ्यालाच हात लावावा लागतो. दुरुस्तीचं काम दुसऱ्या वर्षी करावं. तिथे डोकं लागतं, शिवाय घरमालकाशी बोलावं लागतं, आणि भिंतीच्या आत काय दडलेलं असतं हे आधी बघितलेलं असलं तर ते लवकर जमतं. देखभालीचा पगार वेळेवर मिळतो, पण शिकायचं वय तिथे घालवू नये असं माझं मत आहे. घरची अडचण असेल तर गोष्ट वेगळी.

मिस्त्रीकडे जाण्याआधी हे तोंडपाठ हवं

कोर्स केलेला असो वा नसो, मिस्त्री पहिल्या दिवशी एकच परीक्षा घेतो. तो सामानाच्या गोणीकडे बोट दाखवून म्हणतो, "पाऊणचा एल्बो दे, आणि पाऊण-अर्धा रिड्युसर टी." गोणीत हात घालून तुम्ही योग्य वस्तू काढली की अर्धी मुलाखत तिथेच संपते. म्हणून फिटिंगची नावं आणि मापं आधी पक्की करा. एल्बो, टी, सॉकेट, युनियन, निपल, रिड्युसर, बॉल व्हॉल्व्ह, गेट व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, अँगल कॉक, बिब कॉक. मापांत अर्धा इंच म्हणजे १५ मिमी, पाऊण २०, एक इंच २५, सव्वा ३२, दीड ४० आणि दोन इंच ५०.

ही मापं मात्र नावापुरती आहेत, आणि नवखा माणूस इथेच फसतो. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी हे प्लॅस्टिक पाइपाचे दोन प्रकार. सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंची पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे १५.९ मिमी असतो, तर इंची मापाच्या यूपीव्हीसी पाइपाचा २१.३ मिमी. दोघांनाही म्हणायचं अर्धा इंचच. एकाची फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. दुकानातून सामान आणायला गेलात तर इंचासोबत पाइपाचा प्रकारही सांगा, नाहीतर परत फेरी आणि बोलणी दोन्ही ठरलेली.

याशिवाय चार-पाच गोष्टी समजून घेतलेल्या असाव्यात. टेफलॉन टेप पाइपाच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे फिटिंग आवळताना ती उलगडत नाही. सॉल्व्हंटचा (प्लॅस्टिकचे पाइप चिकटवायच्या द्रवाचा) जोड करताना पाइप काटकोनात कापायचा, कापलेल्या कडेवरची कुसं साफ करायची, सॉल्व्हंट लावून पाव फेरा देऊन आत दाबायचा आणि तीसेक सेकंद तसाच धरायचा. सांडपाण्याच्या लहान नळीला मीटरमागे साधारण २० मिमी उतार लागतो. ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या नळीचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) सहसा निदान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर गटाराचा वास घरात येतो. टाकी नळापेक्षा १० मीटर वर असेल तर नळाशी साधारण १ बार दाब मिळतो. एवढं माहीत असलेला हेल्पर मिस्त्रीला क्वचित भेटतो, त्यामुळे तो लक्षात राहतो.

काम शोधायचं कुठे

मोबाइलवरच्या नोकरीच्या ॲपवर नाव जरूर नोंदवा, पण त्यावर विसंबून बसू नका. छोट्या टोळीचा मिस्त्री जाहिरात देत नाही. त्याला माणूस हवा असतो तो उद्या सकाळी, आणि तो विचारतो ओळखीतल्यांना.

म्हणून त्या ओळखीतल्यांपर्यंत तुम्ही आधी पोचायचं. प्लंबिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात सकाळी दुकान उघडल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा. सगळे मिस्त्री त्याच वेळी सामान न्यायला येतात. काउंटरवरच्या माणसाला कोण नियमित पैसे देतो आणि कोण उधारीवर जगतो हेही ठाऊक असतं. उधारी थकवणारा मिस्त्री हेल्परचा रोजही थकवतो, एवढं माझ्या अनुभवात तरी चुकलेलं नाही.

दुसरा माणूस म्हणजे टाइल्स बसवणारा. प्लंबरचं काम चांगलं की वाईट हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही, कारण लाइन गळली की त्याचीच लावलेली टाइल फोडावी लागते. "तुम्ही ज्यांच्या मागून काम करता त्यांच्यात सगळ्यात नीट प्लंबर कोण?" असं त्याला विचारा. दोन-तीन टाइलवाल्यांनी एकच नाव घेतलं तर त्या मिस्त्रीकडे जा.

साइटवर थेट जायचं असेल तर काम सुरू व्हायच्या आधी किंवा जेवणाच्या सुट्टीत जा. मिस्त्री शिडीवर असताना खालून नोकरी मागू नये. बोलणं लांबवू नका:

"नमस्कार मिस्त्री. मी प्लंबिंग शिकतोय. फिटिंग ओळखता येतात, कटर चालवता येतो, सॉल्व्हंटचे जोड केलेत. तुमचं नाव टाइलवाल्या काकांनी सुचवलं. माणूस लागणार असेल तर दोन दिवस येऊन काम दाखवतो."

जे येत नाही ते येतं म्हणून सांगू नका, दहा मिनिटांत उघडं पडतं. फोन नंबर कागदावर लिहून द्या आणि संध्याकाळी एक मेसेज टाका: नाव, राहायला कुठे, काय येतं, कधीपासून मोकळा. आठवड्याने एकदा आठवण करा. त्याहून जास्त नको.

मिस्त्री पारखून घ्या

तो तुम्हाला तपासतो तसं तुम्हीही त्याला तपासा. त्याच्याकडचे जुने हेल्पर आज काय करतात हे विचारा. त्यांतले दोघे-तिघे स्वतः मिस्त्री झाले असतील तर तिथे शिकवलं जातं. सगळेच चार-सहा महिन्यांत निघून गेले असतील तर का गेले, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. पैसे कोण देतो, मिस्त्री की ठेकेदार, आणि कुठल्या दिवशी, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. "बघू, देऊ" असं उत्तर आलं तर समजून जा.

दोन गोष्टी ऐकल्या की तिथून निघायचं. एक, काम लावून देण्यासाठी अनामत किंवा रोजातून कमिशन मागणं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराने (क्र. ९५) काम मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी मजुरीतून अशी कपात करण्याला बंदी घातलेली आहे. दोन, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं. झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणाच्याही कपाटात जाऊ देऊ नका.

चाचणीचं काम फुकट किती करायचं? अर्धा दिवस ठीक आहे. त्यापुढे मिस्त्री तुमच्या हातून कामच करून घेत असतो, आणि कामाचे पैसे होतात. "आठवडाभर बघतो, मग ठरवू" म्हणाला तर पहिल्या दिवसापासूनचा रोज आधी ठरवून घ्या, कमी असला तरी चालेल.

रोजाचा हिशेब

पहिला आकडा बोलण्याआधी आपल्या भागातलं किमान वेतन आणि शिकाऊ कामगारांसाठी काही वेगळा दर ठरलेला आहे का, हे सरकारी कामगार कार्यालयात विचारा. तो तुमचा तळ. मग त्या भागात पूर्ण मिस्त्रीचा रोज किती चालतो ते तीन-चार जणांकडून काढा. ते छत. तुमचा आकडा या दोहोंच्या मध्ये असतो आणि जसजसं काम येत जाईल तसतसा त्याने छताकडे सरकायचं असतं. ही माझ्या मनची कल्पना नाही. शिकाऊ उमेदवारीबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये जी शिफारस (क्र. २०८) स्वीकारली, तिच्यात लेखी करार, पुरेसा मोबदला आणि कौशल्याबरोबर टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा मोबदला, या गोष्टी आहेत. कित्येक देशांत पहिल्या वर्षी मिस्त्रीच्या रोजाचा ठराविक टक्का आणि दरवर्षी त्यात वाढ, अशी पायऱ्यांची पद्धत आहे.

आता रोजाच्या आकड्याने भुलू नका. समजा एक ठेकेदार दिवसाला १०० देतो आणि दुसरा ८०. (आकडे केवळ हिशेबापुरते.) पहिल्याकडे महिन्यात १८ दिवस काम निघतं, दुसऱ्याकडे २६. पहिल्याचे झाले १,८००, दुसऱ्याचे २,०८०. रोज कमी असलेला जास्त देतोय.

तासांचंही तसंच. रोज १०० आणि काम आठ तास, म्हणजे तासाला साडेबारा. पण सामानाच्या गाडीची वाट बघण्यात आणि एका साइटवरून दुसरीकडे जाण्यात आणखी दोन तास जात असतील आणि त्यांचे पैसे मिळत नसतील, तर तासाला १०च पडतात. रोज न घटता मजुरी वीस टक्क्यांनी घटली. हजेरी किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते, हे म्हणून आधी विचारायचं. आठ तासांच्या दिवसाचा नियम १९१९ पासूनचा आहे; आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच करारात तो आला आणि ओव्हरटाइमला निदान सव्वापट दर सांगितला गेला. बऱ्याच देशांचे कायदे त्याहून जास्त देतात.

प्रवासखर्च कुणाचा, हत्यारं कुणाची, तुटली तर कोण भरणार, हेही याच बोलण्यात उरकून घ्या. माझा नियम असा: पाना, टेप, हॅक्सॉ, लेव्हल ही हातातली हत्यारं हळूहळू स्वतःची करावीत, कारण ती पुढच्या कामावरही आपल्याबरोबर येतात. कटर, ड्रिल, टेस्टिंग पंप मिस्त्रीचे. घासून संपलेल्या ब्लेडचे पैसे हेल्परच्या रोजातून कापणारा मिस्त्री मी पाहिलाय. असल्या माणसाकडे चांगला हेल्पर टिकत नाही.

पॉइंटप्रमाणे (एकेका नळाच्या किंवा जोडणीच्या जागेमागे ठरलेला दर) किंवा बाथरूमप्रमाणे अंगावर काम घ्यायची ऑफर पहिल्याच वर्षी येते. पैसे जास्त दिसतात. माझं स्पष्ट म्हणणं आहे की पहिलं वर्ष घेऊ नये. पॉइंटवर काम करताना हात पळतो, जोड वाळायला वेळ मिळत नाही, आणि गळती टाइल लागल्यावर कळते. ती दुरुस्ती कुणाच्या पैशाने, हे बोललेलंच नसतं, म्हणजे ती तुमच्या पैशाने. दुसऱ्या वर्षी घ्यायचंच ठरलं तर प्रेशर टेस्ट दोघांनी उभं राहून बघायची, आणि टेस्ट पास झाल्यावर ती लाइन तुमच्या अंगावर नाही, एवढं आधी ठरवून घ्यायचं. टेस्ट पाण्याने करा. प्लॅस्टिकच्या पाइपात दाबलेली हवा भरून टेस्ट करू नका, पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

वही

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. खिशात मावेल अशी वही घ्या आणि रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा: तारीख आणि साइट, आल्या-गेल्याची वेळ, काय काम केलं, कुणी तपासलं, पैसे किंवा उचल किती घेतली. "पाइप टाकले" असं मोघम लिहू नका. "दुसरा मजला, मागचं बाथरूम, गरम-गार लाइन, ११ जोड, टेस्टला एक गळला, पुन्हा केला" असं लिहा. गळलेला जोडही लिहा. तीन महिन्यांनी पानं उलटली की अकरातला एक गळत होता तो चाळिसातला एक झालाय हे दिसतं, आणि रोजवाढ मागायला त्याहून चांगलं कारण नाही.

टाइल लागायच्या आधी लाइनचे फोटो काढा, भिंतीला मोजमापाची टेप लावून. घरमालकाला त्याचा उपयोग, कारण उद्या खिळा कुठे ठोकायचा नाही हे कळतं. तुम्हाला उपयोग, कारण तुमचं काम भिंतीआड जातं आणि दाखवायला फोटोखेरीज काहीच उरत नाही. फोटोला परवानगी घ्या. माणसं आणि घरातल्या वस्तू त्यात येऊ देऊ नका.

दर आठवड्याला मिस्त्रीला एक साधा मेसेज टाका: "या आठवड्यात ६ दिवस, ओव्हरटाइम ४ तास, उचल २ वेळा. बरोबर ना मिस्त्री?" त्याने नुसता अंगठा पाठवला तरी तो पुरावा झाला. तोंडी हिशेबात भांडण खोटेपणामुळे क्वचित होतं. दोघांना वेगळं आठवतं म्हणून होतं.

रोजवाढ मागताना

"सहा महिने झाले, वाढवा" हे कारण मिस्त्रीला पटत नाही. त्याला त्याचा वेळ वाचतोय का, एवढंच दिसतं. तो शेजारी उभा न राहता तुम्ही जे काम पुरं करता, त्याचाच भाव वाढतो. म्हणून कामावर लागतानाच पायऱ्या ठरवा. साधारण अशा:

नळ, अँगल कॉक, फ्लश टाकीचे आतले भाग एकट्याने बदलता येतात आणि परत कुणी बोलवत नाही, ही पहिली पायरी. एका बाथरूमच्या पाण्याच्या लाइनसाठी सामानाची यादी स्वतः काढता येते, उरतं कमी आणि कमी पडत नाही, ही दुसरी. ड्रॉइंग बघून पाणी आणि सांडपाणी दोन्ही लाइन टाकून टेस्ट पास करून देता येते, ही तिसरी. तिसऱ्या पायरीवरचा माणूस हेल्पर राहिलेला नाही, मग हजेरीत त्याला काहीही म्हणोत.

"मिस्त्री, यादी मी काढायला लागलो की रोज किती कराल?" हे पहिल्या महिन्यातच विचारलं तर ते मागणं वाटत नाही, ठरवणं वाटतं. मग पायरी गाठली की वही घेऊन बसा. काम जोरात चालू असताना बोलू नका, आणि बिल अडकलेलं असतानाही नको. एखादी साइट नीट हातावेगळी झाली की दुसऱ्या दिवशी. नाही म्हणाला तर "काय आलं की कराल?" हे विचारून उत्तर वहीत लिहा. दोनदा ठरलेलं काम करूनही वाढ झाली नाही तर दुसरं काम शोधा, पण ते मिळेपर्यंत हे सोडू नका.

पैसे अडकले तर

माझे स्वतःचे एका ठेकेदाराकडे दोन महिन्यांचे अडकले होते. "बिल निघालं की देतो" असं तो म्हणायचा आणि मी जात राहायचो, कारण सोडलं तर मागचे बुडतील असं वाटायचं. मागचे बुडालेच, वर पुढचेही बुडाले. तेव्हापासून मी पोरांना सांगतो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त थकू द्यायचं नाही. तेवढे बुडाले तर माणूस सावरतो.

आधी समोर बसून बोला. मग तारखा आणि आकड्यांसकट मेसेज. मग ज्याने ठेका दिला त्या वरच्या माणसाला किंवा साइटच्या इंजिनिअरला सांगा. काही देशांच्या कायद्यांत खालच्या ठेकेदाराने मजुरी थकवली तर मुख्य ठेकेदारालाही जबाबदार धरतात. शेवटी कामगार कार्यालय किंवा संघटना. तिथे पहिला प्रश्न येतो, "किती दिवसांचे?" आणि वही तिथे कामाला येते.

उचल घ्यायची तर अडीअडचणीला, आणि आठवड्याच्या कमाईपेक्षा कमी. महिन्याभराची उचल अंगावर असलेला हेल्पर ना रोज वाढवून मागू शकतो ना काम सोडू शकतो. काही जण उचल देतात ती याच हिशेबाने.

कशाला नाही म्हणायचं

मलाच्या टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरायला कुणी कितीही पैसे देऊ केले तरी उतरायचं नाही. तिथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. सुरुवातीला कुजकट वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही.

चोकअपसाठी ॲसिड ओतलेल्या नळीत ब्लीच टाकू नका, क्लोरीन तयार होतो. गिझर किंवा पंपाला हात लावायच्या आधी मेन स्विच स्वतः बंद करा, दुसऱ्याने बंद केलाय यावर विश्वास ठेवू नका. जुन्या इमारतीतले सिमेंटी करड्या रंगाचे पाइप ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कटरने कापू नका. चष्मा आणि हातमोजे मिस्त्रीने द्यायचे असतात. तो देत नसेल तर चष्मा तरी स्वतःच्या पैशाने घ्या, आणि हा खर्च पुढच्या वेळी रोज ठरवताना मोजा.

सुट्टीची कामं आणि निघताना

वर्षभराने शेजारी-नातेवाईक नळ बदलायला बोलावतील. घ्या, पण मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाकडे परस्पर जाऊ नका. ही गोष्ट लपत नाही आणि पुढची दहा वर्षं त्याच लोकांत काम करायचं असतं. सामानाची पावती गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि मजुरी वेगळी सांगा. गॅसची लाइन एकट्याने हातात घेऊ नका.

मिस्त्री बदलायचा झाला तर चालू असलेलं बाथरूम पुरं करून, टेस्ट दाखवून निघा. हिशेब त्याच दिवशी मागा, आणि एका कागदावर लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत होता, एकट्याने काय काय केलं, खाली मिस्त्रीची सही आणि फोन नंबर. बरेच मिस्त्री लिहायला कंटाळतात. कागद तुम्हीच लिहून न्या, तो फक्त सही करेल.